लाइन्समनची उजवी बाजू

२१ सप्टेंबर २००८, रविवार. आमगाव

पत्र आलं. यंदाच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या पंचांच्या यादीत माझं नाव आहे. खेमराज दुधराम शहारे, सहायक पंच. म्हणजे लाइन्समन. मैदानाच्या कडेनं झेंडा घेऊन पळणारा.

पत्र हातात घेऊन घरात शिरलो आणि उजवा खांदा दाराच्या चौकटीवर असा आपटला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. सुतारानं हे दार अरुंद करून ठेवलंय. यापूर्वीही दोनदा लागलंय.

बायको, शामकला, म्हणाली, "यात नवीन काय हाये? सात वर्सं झेंडाच तं धरून राहिले तुमी."

तिला समजावलं. सात वर्षं केली ती दुसरी डिव्हिजन. ही पहिली. बारा वर्षांपूर्वी, शहाण्णवच्या डिसेंबरात, ही लीग सुरू झाली. त्याआधी देशात नुसते कप होते. हरला की बिऱ्हाड बांधून घरी. सुरुवातीला लीगमध्येही गट पाडून खेळवत. पुढे सगळ्यांशी सगळे खेळू लागले. मागच्या वर्षी नाव बदललं, पुरती व्यावसायिक झाली, दहा क्लब होते. यंदा बारा. प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्याच्या. बावीस सामने. जिंकलं तर तीन गुण, बरोबरीला एक. सगळ्यात खालचे दोन दुसऱ्या डिव्हिजनमध्ये पडतात.

"पडले तं त्या खेळनाऱ्यायचं काय होते?"

"काहींना सोडून देतात. कधी कधी मालक क्लबच बंद करतो."

"अन् हे सारं तुमच्या झेंड्यावर?"

मी हसलो. ती चहा ठेवायला गेली आणि मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी त्रेचाळीस वर्षांचा. पंचेचाळिसाव्या वर्षी आम्हाला थांबवतात. एवढी वाट बघितली, आणि आता भीती वाटते हे कुणाला सांगायचं?

क्लबांची नावं या डायरीत लिहिणार नाही. कुणाच्या हाती पडली तर उगाच भानगड. जर्सीच्या रंगावरून लिहीन.

५ ऑक्टोबर, रविवार

पहिली मॅच झाली. गोंदियाहून हावड्याची गाडी, पोचलो तेव्हा अंग आंबून गेलं होतं. एवढे लोक मी आयुष्यात एका ठिकाणी बघितले नव्हते. माझ्या पाठीमागे दहा हातांवर जाळी, जाळीमागे माणसं, आणि माणसं सतत माझ्याशीच बोलत होती. भाषा कळत नव्हती तेच बरं.

चार ऑफसाइड दिले, चारही बरोबर. रेफ्रीनं पाठीवर थाप मारली. एकच झालं, एक फोटोवाला माझ्या वाटेत बूड टेकून बसला आणि मी त्याच्यावर जाऊन पडलो. तो म्हणतो, मी आधीपासून इथेच बसलोय. खोटारडा. उजवीकडून सरकत आला असणार.

मॅचआधी डॉक्टरांनी डोळे तपासले. तक्त्याची शेवटची ओळ धडधड वाचली.

२ नोव्हेंबर, रविवार

खुशबूला गाडीवर बसवून गोंदियाला निघालो होतो. ती तिथं कॉलेजात आहे, सुट्टीला आली होती. मागून एकदम किंचाळली, "बाबा, म्हैस!" ब्रेक दाबला. म्हैस उजवीकडून अगदी पुढच्या चाकापाशी. खुशबूच्या गुडघ्याला खरचटलं.

"तुम्हाला दिसली नाही का? केव्हाची रस्त्यावर येऊन राहिली होती!"

"एकदम आली ती."

"एकदम नाही आली, बाबा."

पोरीला हल्ली उलट उत्तरं द्यायची सवय लागली आहे. संध्याकाळी शामकलानं गाडीची किल्ली डब्यात ठेवली.

१४ डिसेंबर, रविवार. हॉटेलवर

अक्षर वाईट येतंय.

लाल विरुद्ध पांढरे. लाल टीम तळाला आहे, त्यांना प्रत्येक गुण हवा. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य. लालच्या मधल्या फळीतून लांब पास निघाला, त्यांचा आघाडीचा खेळाडू भूपेंद्र एकटा पुढे धावला आणि गोल. मैदान उसळलं. पण पास निघाला त्या क्षणी त्याच्या आणि गोलच्या मध्ये गोलकीपर सोडून कुणी नव्हतं. मी बघितलं. झेंडा वर केला. ऑफसाइड. गोल रद्द. सामना तसाच संपला.

आम्हाला पोलिसांच्या गाडीतून काढलं. काचेवर एक दगड लागला.

मग हॉटेलात टीव्हीवर तेच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवत होते. पास निघतो, चित्र थांबतं, आणि पांढऱ्यांचा एक बचावपटू गोलच्या पलीकडच्या खांबापाशी उभा आहे. लंगडत होता, मागे राहिला होता. भूपेंद्र त्याच्या चांगला दोन पावलं अलीकडे. ऑफसाइड नव्हताच.

मला समजत नाही. चुकतं माणसाचं, पाऊलभर, अर्धं पाऊल. पण हा अख्खा माणूस आहे, पांढऱ्या जर्सीतला, हिरव्या गवतावर. मी शपथेवर सांगतो, तिथे कुणी नव्हतं.

१७ डिसेंबर, बुधवार. आमगाव

शाळेत स्टाफरूममध्ये शिरलो की बोलणं थांबतं. दहावीच्या एका पोरानं फळ्यावर झेंडा काढून ठेवला होता. मी पुसला आणि शिकवायला लागलो.

दुपारी फोन आला. अनोळखी नंबर. शिव्या असतील म्हणून मन घट्ट केलं.

"शहारे सर? मी भूपेंद्र बोलतो. कामठीचा आहे मी, तुमचा नंबर नागपुरातून मिळाला. सर, भांडायला नाही केला फोन. फक्त एवढं सांगा, तुमी मले कुठं पाहिलं?"

मी फोन ठेवून दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर दोनदा वाजला, दोन्ही वेळा मी नुसता बघत उभा राहिलो.

४ जानेवारी २००९, रविवार

श्यामलालजी आले होते. गोंदियाच्या रेल्वेतून रिटायर झालेले, आपल्या काळातले मोठे रेफ्री. मला झेंडा धरायला त्यांनीच शिकवलं.

बसले आणि सरळच विचारलं, "मास्टर, सच बता. किसी ने कुछ दिया क्या?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागानं की कशानं, माहीत नाही. "तुम्हीपण?" एवढंच म्हणालो.

त्यांनी माझ्या डोळ्यांत निरखून बघितलं. मग म्हणाले, चल ग्राउंडवर. शाळेच्या मैदानात मला उभं केलं आणि समोरच्या गोलपोस्टकडे बघायला सांगितलं. "नजर मत हिलाना. मैं बाजू से रुमाल लेके आता हूँ. दिखे तो बोल."

आधी डावीकडून आले. दिसलं, बोललो. मग उजवीकडे गेले. मी थांबलो. बराच वेळ झाला. मला वाटलं चप्पल काढायला वगैरे थांबले असतील. मग रुमाल एकदम नाकासमोरच आला.

"अब दिखा," मी म्हणालो.

श्यामलालजींनी रुमालाची घडी घातली, खिशात ठेवला. डोळे तपासून घे, एवढंच म्हणाले. चहाला थांबले नाहीत. पैसे घेतल्याचा संशय अजून गेला नसावा.

डोळे तपासायचे काय? तक्ता तर वाचतो मी.

१ फेब्रुवारी, रविवार

दोन मॅचेस झाल्या. दोन्हींत झेंडा उशिरा वर गेला. दुसऱ्यांदा वर करण्याआधी मी समोरच्या लाइन्समनकडे बघितलं, त्याच्या चेहऱ्यावर काही दिसतं का म्हणून. असं कधी केलं नव्हतं. आता धावताना मान सारखी वळवतो. उजवीकडे बघितलं की डावीकडचा पास निसटतो. मैदान मोठं झाल्यासारखं वाटतं, आणि मी एका नळीतून बघतो आहे असं.

हे मी लिहिलं, पण मोठ्यानं बोलणार नाही.

लाल अजून तळाला. खालून दुसरे.

१५ फेब्रुवारी, रविवार. बाच्या घरी

गावी आलो. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी सुटलं आहे, उन्हाळी धानाची रोवणी संपत आली. बा अंगणात खाटेवर. आठ वर्षं झाली, त्याला काहीच दिसत नाही. आम्ही सगळे म्हणत आलो, म्हातारपण. त्यानंही कधी वेगळं सांगितलं नाही.

माझी चाहूल लागताच म्हणाला, "काऊन गा खेमू, आज कसा आलास? पाय मुरगळला काय रे तुया? चालनं बदललं."

मी त्याच्याजवळ बसलो. आणि काय झालं कुणास ठाऊक, विचारलं, "बा, तुझे डोळे गेले कसे? पहिल्या दिवसापासून सांग."

तो हसला. "कोनी पुसलंच नाही आजवरी." मग सांगू लागला. "समोरचं सारं साफ दिसे गा. तुयी माय भाकर थापे, तं तिची बोटं मोजून घेओ. पन बाजूनं चालनारा बैल दिसे नाही. आंगाले लागला का मंग समजे. मी त्याले मारो, का हा बिनआवाजाचा कायले येते म्हून. लई मारलं त्या गरीब जनावराले. मंग धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, चालता चालता धुरा दिसे, खालचा धान दिसे नाही. बाजू हरूहरू आत सरकत आली."

"दुखलं नाही?"

"नाही ना. दुखलं असतं तं सांगतलं नसतं काय?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"भेव लागे. सांगतलं तं नांगर हातातून घेतील. मंग मी कोन?"

मी त्याच्या उजव्या हाताला बसलो होतो. त्यानं हात पुढे करून माझा चेहरा चाचपला, कपाळ, डोळे. बोटं डोळ्यांवर थांबली.

"तुयेबी आहेत का रे तसेच?"

मी नाही म्हणालो. आता तलावाच्या पाळीवर बसून हे लिहितो आहे. पाणी, पलीकडे झाडं, आभाळ, समोरचं सगळं स्वच्छ दिसतं. मान न हलवता उजवा हात लांब केला. हात नाही. पुढे आणत राहिलो, आणत राहिलो.

देवाला मानत नाही मी. पण आज कुणाला तरी हाक मारावीशी वाटली.

९ मार्च, सोमवार. गोंदिया

शामकलाला सांगितलं. ती रडेल वाटलं होतं. म्हणाली, "मले दिवाळीपासून माहीत हाये. तुमी ताटातली उजवीकडची भाजी सोडून उठता."

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. एका मोठ्या वाटीसारख्या मशीनमध्ये तोंड घालायला लावलं. आत कुठेही प्रकाशाचा ठिपका चमकला की बटण दाबायचं. दाबत होतो. मग ठिपके थांबले. बराच वेळ काहीच नाही. मी म्हणालो, "मशीन बंद पडलं वाटतं."

पलीकडून मुलगी म्हणाली, "नाही सर, चालू आहे."

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त. डोळ्यातला दाब वाढून आतली नस मरत जाते. गेलं ते परत येत नाही. राहिलंय ते थेंबांनी टिकवता येईल. रोज, जन्मभर. डॉक्टरांनी कागदावर गोल काढला आणि मला दिसत नाही तेवढा भाग काळा केला. काळा करायला त्यांना बराच वेळ लागला.

मग म्हणाले, "हा रोग घराण्यात उतरतो. मुलं आहेत?"

शामकलानं माझा दंड धरला. इतका वेळ मी फक्त माझ्यापुरताच घाबरलो होतो.

खुशबूची परीक्षा चालू आहे. ती झाल्यावर नेऊ.

५ एप्रिल, रविवार

पंचांच्या कमिटीला काही कळवलं नव्हतं. वाटलं, हंगाम संपत आला, आता मला बोलावणार नाहीत, गुपचूप निवृत्त होऊ. आज फोन आला. शेवटच्या फेरीत एक लाइन्समन आजारी आहे. येत्या रविवारची मॅच. लाल टीमचीच. जिंकले तर वाचतील, नाही तर पडतील.

शामकला म्हणाली, "नाही म्हना."

"नाही म्हटलं तर म्हणतील, बघा, घाबरला. म्हणजे घेतलेच होते पैसे."

"अन् हो म्हटलं तं?"

मी फोनवर हो म्हणून बसलो होतो.

११ एप्रिल, शनिवार. हॉटेलवर

मॅचआधीची बैठक झाली. मॅच कमिशनर, रेफ्री, आम्ही दोघे लाइन्समन, आणि राखीव पंच. सगळे माझ्याशी नीट बोलले. डिसेंबरचं कुणी काढलं नाही. कमिशनर म्हणाले, "कुणाला काही सांगायचंय?" मी नाही म्हणून मान हलवली.

स्वतःला सांगतोय, नव्वद मिनिटं. मान वळवत राहिलं तर होईल. गोलपाशी कोण कोण आहे ते आधीच मोजून ठेवायचं. होईल. बासुद्धा डोळे जाऊ लागल्यावर दोन वर्षं नांगर धरत होता.

आत्ता खोलीतून बाहेर पडताना एका माणसाला धडकलो. तो उजवीकडे उभा होता. म्हणाला, "सॉरी सर." चूक माझी होती, आणि माफी तो मागत होता.

१२ एप्रिल, रविवार. गाडीत

सगळं क्रमानं लिहितो.

मॅचला पस्तीस मिनिटं होती. आमच्या खोलीत रेफ्री झेंडे वाटत होता. बाहेर दोन्ही टीम अंग गरम करत होत्या. मी खिडकीतून बघितलं तर भूपेंद्र एकटाच बाजूला उभा होता, जर्सीच्या गळ्यात तोंड घालून श्वास घेत होता. घाबरलेला माणूस मला आता लगेच ओळखू येतो.

रेफ्रीनं उजवीकडून झेंडा पुढे केला. मी घेतला नाही, कारण मला तो दिसलाच नाही. त्यानं माझ्या हाताला टेकवला तेव्हा मी दचकलो.

"मुझे उजवी बाजू नहीं दिखती," मी म्हणालो. अर्धं हिंदी, अर्धं मराठी, जे तोंडात आलं ते. "डिसेंबरमध्येही नव्हती दिसत. वो गोल सही था."

मला वाटलं आता ओरडतील. रेफ्री माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्यानं झेंडा माझ्या हातातून हळूच काढून घेतला आणि राखीव पंचाला दिला. कमिशनर आले. म्हणाले, लिहून द्या. मी लिहून दिलं, सही केली. त्या गोलचं काय, असं विचारलं. म्हणाले, निकाल बदलत नाही.

मॅच मी पंचांच्या खोलीच्या दारात खुर्चीवर बसून बघितली. लालनं जीव तोडला. दोनदा चेंडू खांबाला लागला. भूपेंद्रनं एक गोल केला, समोरच्यांनी एक केला. एक-एक. शिट्टी झाली आणि अकराही जण होते तिथेच बसले.

एका गुणानं पडले. डिसेंबरचा गोल धरला असता तर दोन गुण जास्त असते.

भूपेंद्रकडे गेलो. तो बूट काढत पायरीवर बसला होता.

"भूपेंद्र, मी शहारे."

त्यानं वर बघितलं. मला वाटलं मारेल. मारलं असतं तरी मी जागचा हललो नसतो.

"तू ऑफसाइड नव्हतास. तुला मी बघितलं, खांबापाशी होता त्याला नाही बघितलं. मला त्या बाजूचं दिसत नाही. आजार आहे. मला तेव्हा माहीत नव्हतं." मग खरं तेवढंच राहावं म्हणून पुढे बोललो, "माहीत झाल्यावरही महिनाभर मी गप्प होतो."

तो खूप वेळ बुटाच्या नाड्या सोडवत राहिला. सुटलेल्या होत्या तरी.

"सर, चार महिने मी ते चित्र पाहून राहिलो. मले वाटे, माझंच पाऊल पुढं असन. घरी सगळे म्हनत, लाइन्समन विकला गेला. मले ते पटे नाही." मग म्हणाला, "फोन काऊन ठेवला तुमी?"

"भीती वाटली."

"मलेबी वाटून राहिली होती ना, सर."

आतून कुणी तरी त्याला हाक मारली. तो अनवाणीच उठून गेला. माफ केलं म्हणाला नाही. मी माफी मागितलीही नाही. मागायला हवी होती, हे आता गाडीत बसल्यावर सुचतंय.

१४ एप्रिल, मंगळवार. आमगाव

गाडीतून उतरलो तर गावात जयंतीची मिरवणूक. ढोल, निळे झेंडे, शाळेतली माझी पोरं पुढे नाचत होती. गर्दीत जायची मला भीतीच वाटते आता, कुठून कोण अंगावर येईल कळत नाही. शामकला स्टेशनावर आली होती. काही न विचारता माझ्या उजव्या बाजूला येऊन चालू लागली.

संध्याकाळी श्यामलालजींचा फोन. त्यांना नागपुरातून सगळं कळलं होतं. "मास्टर," म्हणाले, जानेवारीतच मी ठामपणे सांगायला हवं होतं, हिंमत झाली नाही. त्यांनाही!

२० एप्रिल, सोमवार. गोंदिया

पेपरात आलं आहे, लाल क्लबनं तेरा खेळाडूंना सोडलं. नावं छापलेली नाहीत. भूपेंद्रला फोन लावला, बंद आहे. उद्या पुन्हा लावीन.

आज खुशबूला नेलं. ती त्या मशीनमध्ये तोंड घालून बसली आणि मी बाहेर बाकावर. दार अर्धं उघडं होतं, बटणाचा टक् टक् आवाज येत होता. मी आवाज मोजत होतो. मधेच थांबला. शामकला उठून दाराशी गेली. किती वेळ गेला सांगता येत नाही. हजारो लोकांनी दगड मारले असते तरी एवढा घाबरलो नसतो.

मग पुन्हा टक्. टक् टक्.

डॉक्टरांनी कागद दाखवला. गोल काढला, त्यात काळं काहीच केलं नाही. दोन्ही डोळ्यांत दाब मात्र वाढलेला. म्हणाले, "नस अजून चांगली आहे. आजच थेंब सुरू करू. दर सहा महिन्यांनी यायचं, चुकवायचं नाही. वेळेवर आणलंत."

"तुमचा आजार तुम्हाला कळला कसा?" असं त्यांनी विचारलं. एका गोलमुळे, म्हणालो.

खुशबू बाहेर येऊन माझ्याजवळ बसली. डोळ्यांत औषध घातल्यामुळे तिला धूसर दिसत होतं, उन्हानं पापण्या मिटत होत्या. म्हणाली, "बाबा, मला काहीच दिसत नाही, हात धरा." मी म्हणालो, धरतो. आम्ही दोघे रस्ता ओलांडायला उभे राहिलो. शामकला दुकानातून थेंब घेऊन येईपर्यंत तसेच उभे होतो. एकट्यानं तिला घेऊन पलीकडे जायची माझी छाती झाली नाही.